बियर महाग, क्वार्टर स्वस्त : घरच्या वापरापुरती बियर करायला कायद्यानं मुभा द्या

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. फैजपूरजवळच्या एका गावात माझी केळी आहे, रब्बीत थोडी दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, असते. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय. लांबलंय थोडं, जागा नसेल तर कापा, फक्त हिशोबाचा भाग कापू नका एवढी विनंती.

तर हिशोब. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा १८० मिलीच्या बाटलीची कमीत कमी किंमत पण ठरवून दिली. देशी ८० रुपये, धान्यापासून करायची नवीन महाराष्ट्र मेड लिकर १४८, इंग्लिश २०५ आणि भारी इंग्लिश ३६०. बियर आणि वाईन त्या वाढीतून बाहेर ठेवली हे खरं आहे, पण बियर आधीच एवढी चढलेली आहे की ६५० मिलीची साधी बाटली बियर शॉपीत दोनशेच्या आसपास जाते, परमिट रूममध्ये बसलात तर त्याच्याही पुढे, कारण तिथला व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के केला. आता बाटलीकडे न बघता आतल्या अल्कोहोलकडे बघा. देशीच्या क्वार्टरमध्ये चाळीस टक्के धरलं तर ७२ मिली अल्कोहोल आलं, ८० रुपयांत. साध्या बियरमध्ये ५ टक्के, म्हणजे ६५० मिलीत साडेबत्तीस मिली, दोनशे रुपयांत. म्हणजे देशी पिणाऱ्याला एक मिली अल्कोहोल सव्वा रुपयाच्या आत पडतं आणि बियर पिणाऱ्याला सहा रुपयांच्या वर. पाचपटीहून जास्त फरक आहे. ८ टक्केवाली स्ट्राँग घेतली तरी चार रुपयांच्या जवळ जातं, म्हणून तर शॉपीत जो तो स्ट्राँगच मागतो, चवीसाठी नाही, पैसे वसूल व्हावेत म्हणून.

म्हणजे जो माणूस सगळ्यात कडक आणि शरीराला सगळ्यात जड ते पितो त्याला सगळ्यात स्वस्त आणि जो हलकं पितो त्याला सगळ्यात महाग. ही गोष्ट मी गावात रोज बघतो. केळीचे घड कापणारी टोळी संध्याकाळी सुटते, दिवसभर ओझं वाहून खांदे सोललेले असतात, त्यातल्या एखाद्याला गार बियर प्यावीशी वाटली तर मजुरीचा केवढा तरी भाग एका बाटलीत जातो, मग तो देशीच्या दुकानाकडे वळतो आणि तेवढ्याच पैशात दोन क्वार्टर घेतो, आणि दोन क्वार्टर पोटात गेल्यावर घरी काय होतं ते घरच्या बाईला विचारा. पोरांचंही तसंच. कॉलेजातली पोरं सुरुवात बियरनं करतात आणि वर्षा-दोन वर्षात क्वार्टरवर येतात, कारण चौघांत दोन बियर घेण्यापेक्षा एक खंबा, म्हणजे ७५० मिलीची दारूची बाटली, परवडतो असं ते उघड बोलतात. हे सरकारलाही माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बियरवरच्या शुल्काचा अभ्यास करायला सरकारनं समिती नेमली होती, कारण बियरचा खप घटत होता आणि अल्कोहोलच्या प्रमाणात बघितलं तर बियरवर कर जास्त बसतो ही गोष्ट तेव्हाच समोर आली होती.

आता मूळ मुद्दा. माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. तिकडे पबमध्ये एक पिंट म्हणजे ५६८ मिली, आणि त्याला पाच पौंडाच्या वर मोजावे लागतात, म्हणून तिथली बरीच माणसं घरीच बियर करतात, हा पण त्यांच्यात लागला. प्लॅस्टिकची झाकणाची मोठी बादली, एक स्टीलचं मोठं भांडं, थर्मामीटर, नळी आणि बाटल्या एवढ्यावर त्याचं चालतं. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला सगळं दाखवलं आणि मी अगदी मन लावून बघितलं, कारण आपण शेतकरी माणूस, धान्याचं काही होताना दिसलं की डोळा हलत नाही. वीस लिटर बियरला साडेचार-पाच किलो माल्ट लागतं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, तीस-चाळीस ग्रॅम हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि साधारण अकरा ग्रॅमचं यीस्टचं एक पाकीट. वीस लिटर म्हणजे आपल्या मोठ्या तीस बाटल्या, ज्या इथे शॉपीत घेतल्या तर सहा हजार रुपये होतील. हाच माल इथे आणून केलं तर पाव हिश्शाच्या पुढेमागे खर्च येईल असा माझा अंदाज आहे, तोही हॉप्स आणि यीस्ट बाहेरून मागवून.

मग मी चौकशी केली की इथे करता येईल का. वकिलाकडे बसलो, कायदा वाचला. उत्तर सरळ आहे, नाही येणार. १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आधी मुंबईच्या नावानं होता आता महाराष्ट्राच्या नावानं, त्यात लायसनशिवाय कुठलंही मादक पेय तयार करणं गुन्हा आहे, आणि कलम ६५ मध्ये दारू करण्यासाठी सामान, भांडी, साधनं बाळगणं हाही गुन्हा आहे. पेपरात आपण वाचतो ना, हातभट्टीवर छापा, कच्चे रसायन नष्ट, कलम ६५ नुसार गुन्हा दाखल, तेच कलम. म्हणजे नदीकाठी ड्रममध्ये गूळ आणि नवसागर सडवून विकणारा आणि स्वतःच्या स्वैपाकघरात उकळलेल्या पाण्यात जव शिजवून दोन बाटल्या करणारा, कायद्याच्या नजरेत दोघं एकाच रांगेत. म्हणून मी केलेली नाही, करणारही नाही, कायदा बदलेपर्यंत. पण कायदा बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठीच हे पत्र.

हा मनाईचा इतिहास आपल्या लोकांना माहीत नाही म्हणून सांगतो. घरी करू नका ही बंदी मुळात लोकांच्या तब्येतीसाठी आलेलीच नाही. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला तो महसुलासाठी. त्याच्या आधी सातपुड्यातला भिल्ल, पावरा आपल्या मोहाची आपल्या घरापुरती काढत होता, देवाला वाहत होता, लग्नात वाटत होता. इंग्रजांना त्यातून कर गोळा करता येईना, मग गाळायचं काम मोठ्या डिस्टिलरीत न्यायचं आणि दुकानांचे लिलाव करायचे अशी पद्धत आणली. त्याच सुमारास १८८० मध्ये खुद्द इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टननं घरी बियर करणाऱ्यांवर लायसन बसवलं. दोन्हीकडे हेतू एकच, तिजोरी. फरक पुढे पडला. इंग्लंडनं १९६३ मध्ये, रेजिनाल्ड मॉडलिंग अर्थमंत्री असताना, ते लायसन काढून टाकलं, घरी पिण्यापुरती बियर करा, फक्त विकू नका. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी घरच्या बियरला परवानगी मिळायला १९७८ उजाडलं, जिमी कार्टरनं सही केली, एका माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास. १९७८ च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत बियरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते, आज नऊ हजारांच्या वर आहेत, आणि त्यातल्या पहिल्या फळीतले कितीतरी लोक घरच्या बादलीतूनच पुढे आले. सिएरा नेवाडाचा केन ग्रॉसमन असाच, घरी करता करता १९८० मध्ये कारखाना टाकला. आपण मात्र इंग्रजांनी घातलेली घरावरची बंदी स्वातंत्र्यानंतर अजून घट्ट केली आणि दुकानातली विक्री चालूच ठेवली. मला हे पटत नाही. विकत घेऊन प्या, कर भरून प्या, कितीही प्या, पण हातानं करू नका, हा काय न्याय आहे?

कोणी म्हणेल आपल्या घरातून हे जमणार नाही, घाण होईल, लोक मरतील. त्यांना मी आपल्या आयाबहिणींकडे बघायला सांगतो. खान्देशात उन्हाळ्यात घरोघर बिबडे होतात, ज्वारी तीन-तीन दिवस भिजत घालून आंबवायची, पाणी बदलायचं, वासावरून ओळखायचं की झालं की नाही, मग दळून लसूण-तीळ घालून शिजवायचं आणि गच्चीवर कपड्यावर घालायचं. कुरडईचा गहू पण तसाच. आंबवणं म्हणजे काय, कुठला वास बरोबर आणि कुठला बिघडलेला, हे आमच्या घरातल्या बाईला कळतं. बियरमध्ये तेच शास्त्र जरा जास्त नेमकं आहे. माल्टचा भरडा ६५ ते ६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर धरायचा, त्यात धान्यातल्याच एन्झाइमनं स्टार्चची साखर होते, पाणी त्याहून फार गरम झालं तर एन्झाइम मरतात. मग गाळून ते गोड पाणी हॉप्स टाकून तासभर खळखळ उकळायचं, त्यात जंतू मरतात आणि कडवटपणा उतरतो. मग लवकरात लवकर गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. इथून पुढे स्वच्छता हाच सगळा खेळ आहे, बादली, नळी, चमचा, बाटली, झाकण सगळं निर्जंतुक, नाहीतर आंबट होऊन जातं. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते, तिनं आधीची आणि नंतरची घनता बघायची, समजा १.०४८ वरून १.०१० वर आली तर पाच टक्के अल्कोहोल झालं. म्हणजे घरी करणाऱ्याला आपण किती टक्क्याचं पितोय ते मोजता येतं, हातभट्टीवाल्याकडे ते कोण मोजतं?

आपल्याकडची खरी अडचण ऊन आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि एल नावाच्या साध्या बियरच्या यीस्टला १८ ते २२ डिग्री लागतं. गरमीत यीस्ट बेफाम चालतं आणि डोकं धरायला लावणारे जड अल्कोहोल तयार होतात, चव पण खराब. पण त्यालाही उपाय आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्या गार असतात, पारा दहाच्या खाली पण येतो, तेव्हा करायची, घरातल्या अंधाऱ्या खोलीत बादलीला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं तरी आपल्या कोरड्या हवेत चार-पाच डिग्री आरामात उतरतात. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं क्वाइक नावाचं एक यीस्ट आहे ते तर ३५ डिग्रीच्या पुढेही नीट काम करतं, ते तर खान्देशासाठीच बनवल्यासारखं आहे. भाच्यानं सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, की शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी ठेवलेली चीज आहे ही.

विषबाधेची भीती लोकांच्या मनात बसलीय आणि ती बरोबरच आहे, २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, २०२२ मध्ये शेजारच्या गुजरातेत, जिथे दारूबंदी आहे तिथे, बोटादकडे चाळीसच्या वर गेली. पण ते मृत्यू मिथेनॉलनं झाले, कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात मग जीव. जव किंवा ज्वारी आंबवून केलेल्या बियरमध्ये जीवावर बेतेल एवढं मिथेनॉल तयारच होत नाही. धोका आहे तो गाळण्यात, म्हणजे भट्टी लावून वाफ धरण्यात, आणि त्याहून मोठा बाहेरून रसायन मिसळण्यात. म्हणून मी गाळायची परवानगी अजिबात मागत नाही, ती बंदच राहावी. बियरचा स्वतःचा धोका वेगळा आहे आणि तो पण लिहून ठेवतो, आंबायचं पूर्ण व्हायच्या आधी बाटलीत भरलं किंवा फसफसण्यासाठी साखर जास्त टाकली तर काचेची बाटली बॉम्बसारखी फुटते. लिटरला सहा-सात ग्रॅमच्या वर साखर नको, आणि दोन-तीन दिवस लागोपाठ मोजून घनता हलली नाही तरच भरायचं. ऑनलाईन व्हिडिओ बघून आणि यीस्ट मागवून गुपचूप करणारी पोरं आता जळगाव, धुळ्यातही आहेत असं कानावर येतं. लपूनछपून करताना कोणी कोणाला विचारत नाही, चूक झाली तर दवाखान्यात खरं सांगत नाही. कायदेशीर असेल तर निदान शिकवता येईल.

यात शेतकऱ्याचा पण संबंध आहे, आणि मी शेतकरी आहे म्हणून यावर जास्त बोलणार. नायजेरियानं १९८८ मध्ये बाहेरून येणारं जवाचं माल्ट बंद केलं, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीपासून बियर करावी लागली आणि त्यांनी ती केली, आज तिथे ज्वारीला तो एक कायमचा गिऱ्हाईक आहे. दक्षिण आफ्रिकेत बायका घरी ज्वारी आणि मक्याची बियर पूर्वीपासून करत आल्या. आणि आपण? आपली दादर, एवढी पांढरीशुभ्र टपोरी दादर, भाकरीशिवाय तिचं काय होतं? लोकांनी गव्हाची पोळी धरली, दादरचा पेरा कमी कमी होत गेला, ढोरांच्या कडब्यासाठी म्हणून थोडी उरलीय. ज्वारीचं माल्ट करायला अडचणी आहेत हे मला माहीत आहे. तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला शिजतो म्हणून पीठ आधी शिजवून मग जवाच्या माल्टमध्ये घालावं लागतं, टरफल नसल्यानं गाळताना चिखल होतो. आणि ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी अंश असतो, कोवळी ज्वारी खाऊन ढोरं दगावतात हे आपल्याकडे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून मोड वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या घासून काढाव्याच लागतात. हे काम शेतकऱ्याच्या अंदाजावर सोडण्यासारखं नाही. जळगावला आपल्या बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिथे केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे ज्वारीचं एवढं संशोधन आहे, त्यांनी दादरच्या माल्टवर काम करावं. केळीचंही बघा. रवांडा, बुरुंडीत पिकल्या केळीचा रस काढून त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ टाकून उरवाग्वा नावाची केळीची बियर गावोगाव करतात. आमच्या रावेर-यावलमध्ये भाव पडले की व्यापारी घड उचलत नाही आणि माल बांधावर सडतो, डोळ्यासमोर सोनं सडतं आणि काही करता येत नाही. घरच्या बियरनं केळीचा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही, तेवढा खप होणार नाही. पण आपल्या मालापासून काय काय होऊ शकतं ते हातानं करून बघायची मुभाच नसेल तर पुढचा कारखाना कोण काढणार? पुण्यात २००९ मध्ये डूलाली नावाच्या कंपनीनं मायक्रोब्रुअरी, म्हणजे बियरचा छोटा कारखाना, सुरू केली ती मोठ्या शहरात मोठ्या भांडवलावर. सावद्याच्या, चोपड्याच्या पोराला तिथपर्यंत जायचं तर आधी बादलीपासून सुरुवात करता आली पाहिजे.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि मी तो टाळणार नाही. आमचं फैजपूर म्हणजे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचं गाव, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, गांधीजी इथे आले होते. त्यांचा दारूला विरोध सगळ्यांना माहीत आहे. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये दारूबंदीकडे जावं असं राज्याला सांगितलेलं आहे. आणि गावागावात बायकांनी आडवी बाटली करून, निम्म्याहून जास्त महिला मतदारांची मतं गोळा करून दुकानं बंद पाडली, त्या बायकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. ज्या घरात माणूस पिऊन मारतो त्या घरातल्या बाईला मी घरी बियर करायची मुभा द्या असं सांगायला गेलो तर ती मला दारात उभं करणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ही परवानगी माणसाला नाही, घराला द्यावी, आणि घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची, म्हणजे बायको, आई, सून सगळ्यांची लेखी संमती असल्याशिवाय देऊ नये. एकीनं जरी नाही म्हटलं तरी नाही, आणि नंतर कधीही येऊन संमती काढून घेता आली पाहिजे, कारण न विचारता, एका अर्जावर. दुकानातून बाटली आणताना कुठला कायदा बाईला विचारतो? उलट इथे पहिल्यांदा तिच्या हातात काहीतरी येईल.

बाकी अटी अवघड नाहीत. आजही पिण्याचा परवाना मिळतोच की, एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आयुष्यभराचा १००० रुपयांत, तसाच घरगुती बियरचा एक वार्षिक परवाना उत्पादन शुल्क विभागानं काढावा. वय २१ च्या वर, कारण बियरचं कायदेशीर वय तेच आहे. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत, महिन्याला घरामागे वीस लिटरच्या वर नाही, विकायची नाही, गाळायचं एकही भांडं घरात सापडलं तर परवाना रद्द आणि आत्ता आहे तीच शिक्षा. आधी एक दिवसाचं स्वच्छतेचं आणि बाटली भरण्याचं ट्रेनिंग सक्तीचं. सातपुड्यातल्या आदिवासींचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे पण तो वेगळा आणि जुना आहे, शेजारी मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरासाठी मोहाची ठराविक प्रमाणात काढायची मुभा आहे आणि सेंधव्याच्या अलीकडे आपल्या हद्दीत तोच माणूस, तीच बोली, तोच मोह, आणि गुन्हा. मोहाच्या फुलांवरचे निर्बंध २०२१ मध्ये आपल्या सरकारनं सैल केले ते चांगलं झालं, पुढचं पण त्यांच्याशी बसून, त्यांना विचारून ठरवा, माझ्यासारख्यानं केळीच्या बांधावरून त्यावर जास्त बोलू नये.

महसूल बुडेल म्हणतील. जूनच्या वाढीतून सरकारला वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा त्यांचाच अंदाज होता. त्यात खान्देशातल्या काही हजार घरांनी महिन्याला चार-दोन बाटल्या घरी केल्या तर काय फरक पडणार आहे? आणि खरी दुरुस्ती करायची तर बाटलीत अल्कोहोल किती त्यावर कर लावा, ब्रिटननं ऑगस्ट २०२३ पासून तसं केलंय, जेवढं कडक तेवढा कर जास्त. साडेतीन-चार टक्क्याच्या हलक्या बियरवरचा कर खाली आणा आणि कडक दारूवरचा त्या मानानं ठेवा, मग टोळीतला मजूर आपोआप विचार करेल की काय घ्यायचं. हे झालं तर घरी करायची गरज पुष्कळांना उरणारही नाही, मला त्याचं काही वाईट वाटणार नाही. पण ते होईपर्यंत तरी साध्या माणसाला हलकं प्यायचा एक कायदेशीर रस्ता द्या.

जी पोरं आत्ता लपून करत आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे की थांबा. कलम ६५ लागलं की नोकरी, पासपोर्ट सगळ्यात अडकाल, आणि तुमच्या एका फुटलेल्या बाटलीनं ही मागणी अजून दहा वर्षं मागे जाईल. त्यापेक्षा आपापल्या आमदाराला पत्र लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सगळ्या आमदारांना मी हेच पत्र टपालानं पाठवतोय, येत्या अधिवेशनात एकानं जरी प्रश्न विचारला, की हातभट्टी आणि घरची बियर कायद्यात वेगळी का करता येत नाही, तर सरकारला लेखी उत्तर द्यावं लागेल.

आणि संपादक साहेब तुम्हाला एक विनंती. हे पत्र छापलंत तर यावर आलेली महिला वाचकांची पत्रं पण छापा, विरोधातली असतील ती आधी छापा. संमतीची अट त्यांना पुरेशी वाटते का, अजून काय पाहिजे, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे आणि त्याप्रमाणे आमदारांकडे जाणाऱ्या मागणीत बदल करायची माझी तयारी आहे.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी,
फैजपूर परिसर, ता. यावल, जि. जळगाव